लेलँड स्टॅनफर्ड : गव्हर्नर, रेल्वेमालक आणि विद्यापीठाचा संस्थापक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सनीव्हेल, क्युपर्टिनो, पालो आल्टो या भागात मुलांकडे राहायला आलेली मराठी मंडळी एकदा तरी स्टॅनफर्ड विद्यापीठ पाहायला जातात. चर्च पाहून होते, वाळूच्या दगडाच्या कमानींखाली फोटो काढून होतात आणि मग कुणीतरी विचारतेच, 'हा स्टॅनफर्ड होता तरी कोण?' हा प्रश्न आणि त्यातून निघणारे इतर प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. माणूस मोठा होता यात वाद नाही. पण त्याचे मोठेपण कुणाच्या पैशावर आणि कुणाच्या घामावर उभे राहिले, हे सांगितल्याशिवाय त्याची गोष्ट पुरी होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

लेलँड स्टॅनफर्ड थोडक्यात कोण?

न्यूयॉर्क राज्यात १८२४ साली जन्मलेला वकील, सोन्याच्या शोधाच्या धामधुमीत कॅलिफोर्नियात आलेला व्यापारी, त्या राज्याचा आठवा गव्हर्नर, सेंट्रल पॅसिफिक रेल्वे कंपनीचा अध्यक्ष, अमेरिकेचा सिनेटर आणि आपल्या वारलेल्या मुलाच्या नावाने विद्यापीठ काढणारा बाप. १८९३ साली तो वारला. ही पदे त्याला एकामागून एक मिळाली असे समजू नका. गव्हर्नरपद आणि रेल्वेचे अध्यक्षपद त्याच्याकडे एकाच वेळी होते. त्याच्या आयुष्यातले सगळ्यात महत्त्वाचे सूत्र हेच आहे.

तो वकिलीतून व्यापारात कसा आला?

आगीमुळे. त्याचा जन्म ९ मार्च १८२४ रोजी आल्बनीजवळच्या वॉटरव्हलीट इथला. वडील शेती करत आणि हमरस्त्यावर खाणावळवजा धर्मशाळाही चालवत. लेलँड आल्बनीतल्या एका वकिली कचेरीत उमेदवारी करून १८४८ मध्ये वकील झाला आणि विस्कॉन्सिनमधल्या पोर्ट वॉशिंग्टन या नव्या गावात त्याने वकिली थाटली. १८५० मध्ये आल्बनीच्या जेन लॅथ्रॉपशी त्याचे लग्न झाले. दोन वर्षांनी आग लागली. कचेरी आणि कायद्याची पुस्तके जळून गेली.

त्याचे भाऊ त्याआधीच कॅलिफोर्नियात पोचले होते आणि खाण कामगारांना माल विकत होते. लेलँड त्यांना जाऊन मिळाला. जेन आजारी वडिलांपाशी आल्बनीतच राहिली आणि काही वर्षांनी तो तिला घेऊन गेला. मिशिगन ब्लफ नावाच्या डोंगरातल्या खाणवस्तीत त्याने दुकान चालवले, तिथेच तो स्थानिक न्यायाधीशाचे कामही पाहत असे. नंतर सॅक्रामेंटोत भावांची घाऊक पेढी त्याने सांभाळली. सोने खणणाऱ्यांपैकी फार थोडे श्रीमंत झाले. त्यांना पीठ, फावडी, घमेली आणि डुकराचे खारवलेले मांस विकणारे मात्र टिकले. उधारी वसूल करताना सटर क्रीकच्या एका सोन्याच्या खाणीचे भाग म्हणजे शेअरही स्टॅनफर्डकडे आले आणि पुढे त्या खाणीने त्याला चांगला पैसा दिला.

दुकानदार गव्हर्नर कसा झाला?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेतल्या राज्याचा गव्हर्नर लोकांनी थेट मतदानाने निवडलेला असतो आणि कारभार त्याच्या हातात असतो. अधिकाराच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा.

१८५० च्या दशकात कॅलिफोर्नियावर डेमोक्रॅटिक पक्षाची पकड होती. गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष तिथे नुकताच उभा राहत होता आणि तो उभा करणाऱ्यांत सॅक्रामेंटोचे काही व्यापारी पुढे होते. स्टॅनफर्ड त्यांच्यातला एक. १८५७ मध्ये राज्याच्या खजिनदारपदासाठी तो उभा राहिला आणि हरला. १८५९ मध्ये गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, डेमोक्रॅट दोन गटांत फुटले आणि त्या फुटीचा फायदा होऊन तो निवडून आला. कॅलिफोर्नियाचा हा पहिला रिपब्लिकन गव्हर्नर.

शपथविधीला तो होडीतून गेला होता, हे खरे आहे का?

खरे आहे. १८६१-६२ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियात महापूर आला होता. १० जानेवारी १८६२ रोजी शपथविधी होता, त्या वेळी सॅक्रामेंटोचे रस्ते पाण्याखाली होते. नवा गव्हर्नर वल्ह्याच्या होडीतून गेला. परतला तेव्हा घराचा खालचा मजला बुडाला होता, म्हणून वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरला. थोड्याच दिवसांत विधिमंडळाने आपला मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोला हलवला.

गव्हर्नर म्हणून त्याचे काम कसे होते?

मुदत अवघी दोन वर्षांची. यादवी युद्धात कॅलिफोर्नियाला संघराज्याच्या बाजूने घट्ट उभे ठेवणे हे त्याचे मोठे काम. संघराज्यातून फुटून निघालेल्या गुलामगिरीवादी राज्यांना सहानुभूती दाखवणारे लोक राज्यात, विशेषतः दक्षिण भागात, कमी नव्हते. शिक्षक घडवणारी सरकारी शाळा १८६२ मध्ये स्थापन झाली, ती त्याच्याच सहीने. तिचेच पुढे सॅन होझे स्टेट विद्यापीठ झाले.

याच दोन वर्षांतली दुसरी बाजू काळीकुट्ट आहे. शपथविधीच्या भाषणातच त्याने चिनी लोकांना हीन वंशाचे म्हटले आणि त्यांच्या वसाहतीला सर्व कायदेशीर मार्गांनी आळा घालायला हवा असे सांगितले. एप्रिल १८६२ मध्ये चिनी माणसांवर दरमहा अडीच डॉलरचा खास कर बसवणारा कायदा झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नंतर रद्द केला. १८६३ मध्ये कृष्णवर्णीयांना गोऱ्यांविरुद्ध न्यायालयात साक्ष देण्याचा हक्क मिळाला, पण चिनी आणि मूळ रहिवाशांवरची तीच बंदी कायम ठेवली गेली. मूळ रहिवाशांविरुद्ध राज्याच्या पैशाने ज्या सशस्त्र मोहिमा वर्षानुवर्षे चालल्या होत्या, त्या त्याच्या कारकिर्दीतही थांबल्या नाहीत.

गव्हर्नर असताना तोच रेल्वे कंपनीचा अध्यक्षही होता? हे चालत होते?

होय, आणि उघडपणे चालत होते.

थिओडोर जुडा नावाचा एक ध्यास घेतलेला अभियंता कॅलिफोर्नियातून सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून पूर्वेकडे रेल्वे नेता येईल असे सांगत फिरत होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या धनिकांनी त्याला दाद दिली नाही. सॅक्रामेंटोच्या चार दुकानदारांनी दिली. कॉलिस हंटिंग्टन आणि मार्क हॉपकिन्स हे हार्डवेअरवाले, चार्ल्स क्रॉकर कापडवाला आणि स्टॅनफर्ड किराणावाला. सुरुवातीला प्रत्येकाने १५० भाग घेतले आणि दर्शनी किमतीच्या फक्त दहा टक्के रक्कम रोख भरली. जून १८६१ मध्ये सेंट्रल पॅसिफिक कंपनी स्थापन झाली आणि अध्यक्ष झाला स्टॅनफर्ड. तीनच महिन्यांत तो गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकला. अध्यक्षपद त्याने सोडले नाही.

८ जानेवारी १८६३ रोजी सॅक्रामेंटोत रेल्वेच्या कामाचा मुहूर्त झाला तेव्हा पहिले फावडे मारणारा माणूस राज्याचा प्रमुख होता आणि कंपनीचाही. कंपनीला सार्वजनिक पैशाची मदत करणाऱ्या कायद्यांवर गव्हर्नर म्हणून त्याच्याच सह्या आहेत. सॅक्रामेंटो, प्लेसर आणि सॅन फ्रान्सिस्को यांनी सार्वजनिक पैशातून कंपनीचे भाग घ्यावेत, यासाठी मतदान घेण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदानात गव्हर्नरच्या भावाने मतदारांमध्ये पैसे वाटल्याचा आरोप झाला आणि त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. त्याच वर्षी स्टॅनफर्डने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात एका रिकाम्या जागेवर एडविन क्रॉकरची नेमणूक केली. एडविन हा चार्ल्स क्रॉकरचा भाऊ आणि रेल्वे कंपनीचा वकील.

'त्या काळी सगळेच असे करत' हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. त्या काळच्या वर्तमानपत्रांतही यावर टीका होत होती. म्हणजे हे गैर आहे हे लोकांना कळत होते.

सरकारने रेल्वेला नेमके किती आणि कसे दिले?

लिंकनने १ जुलै १८६२ रोजी पॅसिफिक रेल्वे कायद्यावर सही केली. पूर्ण झालेल्या दर मैलामागे सरकार कंपनीला कर्जरोखे देणार होते. सपाट जमिनीवर मैलाला १६ हजार डॉलर, अवघड डोंगराळ भागात ४८ हजार आणि दोन पर्वतरांगांमधल्या उंच पठारावर ३२ हजार. शिवाय लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंची सरकारी जमीन, एक चौरस मैलाचा तुकडा सोडून दुसरा, अशी चौकटी-चौकटीने कंपनीची होणार होती. १८६४ मध्ये जमिनीचे प्रमाण दुप्पट करण्यात आले.

आता डोंगर कुठे सुरू होतो, हे कोण ठरवणार? राज्याचा भूगर्भशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी. त्याने सॅक्रामेंटोपासून अवघ्या सात मैलांवरचा आर्केड क्रीक हा ओढा म्हणजे सिएराचा पायथा, असे मत दिले. तिथे गेलात तर डोंगर सोडा, टेकडीसुद्धा दिसत नाही, खरा चढ कितीतरी मैल पुढे आहे. पण ते मत वॉशिंग्टनने मान्य केले आणि सपाट जमिनीवरच्या मैलांनाही डोंगराचा दर मिळाला.

जुडाचे या चौघांशी पटेनासे झाले. पूर्वेकडे जाऊन दुसरे भांडवल उभे करायचे आणि यांना बाहेर काढायचे, असा त्याचा बेत होता. पनामामार्गे जाताना त्याला पीतज्वर झाला आणि नोव्हेंबर १८६३ मध्ये तो न्यूयॉर्कला वारला. ज्याच्या डोक्यातून ही रेल्वे निघाली त्याने तिचा डोंगर ओलांडलेला पाहिला नाही.

चिनी मजुरांचा विरोधक चिनी मजुरांवरच अवलंबून कसा राहिला?

गोरे मजूर टिकत नव्हते. रेल्वेने डोंगरापर्यंत फुकट जायचे आणि तिथून नेवाडाच्या चांदीच्या खाणींकडे पसार व्हायचे, हा त्यांचा शिरस्ता. मग क्रॉकरने आधी पन्नासएक चिनी मजूर घेऊन पाहिले. कामावरचा मुख्य देखरेख्या स्ट्रोब्रिज नाखूश होता. महिन्याभरात त्याचे मत बदलले आणि मग थेट ग्वांगडाँग प्रांतातून माणसे आणवली जाऊ लागली. ऐन भरात सेंट्रल पॅसिफिकच्या दर दहा मजुरांतले नऊ चिनी होते आणि त्यांची संख्या १० हजारांच्या वर गेली होती.

१८६५ मध्ये स्टॅनफर्डने राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना अहवाल पाठवला. त्यात तोच माणूस लिहितो की हे लोक शांत, सोशिक, कष्टाळू आणि काटकसरी आहेत आणि त्यांच्याशिवाय ठरलेल्या मुदतीत हे काम होणे शक्य नाही. तीन वर्षांपूर्वीच्या भाषणाबद्दल त्यात एक शब्द नाही.

कामाचे स्वरूप समजून घ्या. सिएराच्या माथ्यावरचा बोगदा १,६५९ फूट लांबीचा. ग्रॅनाइट इतका कठीण की सुरुंगाची काळी दारू वापरून दिवसाला काही इंचच पुढे सरकता येई. चार तोंडांनी एकाच वेळी खोदता यावे म्हणून बोगद्याच्या मधोमध वरून खाली विहिरीसारखा खड्डा घेतला. नंतर नायट्रोग्लिसरिन हे जहाल स्फोटक जागेवरच बनवून वापरले. १८६६-६७ च्या हिवाळ्यात बर्फ इतके पडले की मजूर बर्फाखाली खणलेल्या भुयारांतून राहत्या जागेपासून बोगद्यापर्यंत ये-जा करत. हिमकडे कोसळून माणसे गाडली गेली आणि काहींची प्रेते वसंतात बर्फ वितळल्यावर सापडली. मेलेल्यांची नोंद कंपनीने ठेवली नाही. घोड्यांच्या खरेदीचे हिशेब आहेत, मेलेल्या मजुरांची यादी नाही. हे वाचताना मला आजही राग येतो.

जून १८६७ मध्ये हजारो चिनी मजुरांनी संप केला. मागण्या साध्या होत्या. महिना ३५ डॉलरऐवजी ४०, उघड्यावर दहा तास आणि बोगद्यात आठ तासांची पाळी. गोऱ्या मजुरांना पगारावर जेवण आणि राहणे मिळे, चिन्यांना ते स्वतःच्या खर्चाने करावे लागे. संप अत्यंत शिस्तीत, दंगाधोपा न होता चालला. क्रॉकरने डोंगरात वर जाणारा शिधा बंद केला आणि आठवडाभरात भुकेने संप मोडला.

सोन्याचा खिळा खरंच ठोकला होता का?

ठोकला असे म्हणता येत नाही, बसवला. १० मे १८६९ रोजी यूटामधल्या प्रोमोंटरी समिट इथे पूर्वेकडून आलेली युनियन पॅसिफिक आणि पश्चिमेकडून आलेली सेंट्रल पॅसिफिक यांचे रूळ जुळले, त्या समारंभासाठी हा खिळा होता. समारंभ ८ तारखेला व्हायचा होता. पण युनियन पॅसिफिकच्या थॉमस ड्युरंटची गाडी पगार थकलेल्या कामगारांनी वाटेत अडवून ठेवली, म्हणून दोन दिवस लांबला.

सोने मऊ असते. म्हणून रुळांखालच्या लॉरेल लाकडाच्या पॉलिश केलेल्या आडव्या ओंडक्याला (स्लीपरला) आधीच भोक पाडून ठेवले होते. सोन्याचा खिळा त्यात अलगद ठेवला आणि नंतर काढून घेतला. शेवटी साध्या लोखंडी खिळ्याला तार जोडली होती, म्हणजे घाव बसताच तारेवरून देशभर ठोका ऐकू जाईल. स्टॅनफर्डने हातोडा उचलला आणि त्याचा नेम चुकला, असे तिथे हजर असलेल्यांनी सांगून ठेवले आहे. तारमास्तरने तरीही 'झाले' हा संदेश धाडला.

सॅक्रामेंटोपासून तिथपर्यंत सेंट्रल पॅसिफिकने ६९० मैल रूळ टाकले होते. शेवटचे रूळ चिनी तुकडीने जागेवर आणले. त्या दिवसाच्या प्रसिद्ध छायाचित्रात, जिथे दोन इंजिने समोरासमोर उभी आहेत आणि माणसे बाटल्या उंचावत आहेत, तिथे ते चेहरे शोधूनही सापडत नाहीत.

त्याला लुटारू धनदांडगा म्हणतात, ते योग्य आहे का?

मी योग्य मानतो. कारण सांगतो.

रेल्वे बांधण्याचे कंत्राट कंपनीने ज्या संस्थेला दिले, ती संस्था या चौघांचीच होती. म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात, आणि पहिल्या खिशात पैसा सरकारचा. त्या संस्थेच्या हिशेबाच्या वह्या पुढे नाहीशा झाल्या. नंतर याच मंडळींनी सदर्न पॅसिफिक ही दुसरी रेल्वे कंपनी वाढवली आणि कॅलिफोर्नियातली बहुतेक मालवाहतूक त्यांच्या मुठीत आली. शेतकऱ्याचा गहू बंदरावर न्यायचा तर दर ते सांगतील तो. १८८० मध्ये मसल स्लू इथे जमिनीच्या किमतीवरून वसाहतकरी आणि रेल्वेची माणसे समोरासमोर आली, गोळीबार झाला आणि सात जणांचा जीव गेला.

१८८७ मध्ये संसदेने नेमलेल्या आयोगापुढे स्टॅनफर्डला बसावे लागले. राजकारणी लोकांवर कंपनीने पैसा खर्च केला का, या प्रश्नाला उत्तर द्यायला त्याने नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याला उत्तर देण्याची सक्ती करता येणार नाही, असा निकाल लागला. निकाल देणाऱ्या पीठात न्यायमूर्ती स्टीफन फील्ड आणि लोरेन्झो सॉयर होते. फील्ड यांना १८६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमावे अशी शिफारस लिंकनकडे करणाऱ्यांत गव्हर्नर स्टॅनफर्ड होता. आणि निकालाच्या वेळी फील्ड आणि सॉयर हे दोघेही स्टॅनफर्डच्या नव्या विद्यापीठाचे विश्वस्त होते.

घोड्याचे चारही पाय हवेत असतात की नाही, यावर त्याने २५ हजार डॉलरची पैज लावली होती?

पैजेचा कुठलाही पुरावा नाही. गोष्ट रंगतदार आहे म्हणून टिकली आहे. कुतूहल मात्र अस्सल होते.

स्टॅनफर्डला घोड्यांचे वेड होते. १८७६ पासून त्याने पालो आल्टो इथे जमीन घेत घेत आठ हजारांवर एकरांचे शेत केले आणि दुडक्या चालीच्या शर्यती घोड्यांची देशातली नामांकित पैदास तिथे उभी केली. शिंगरांना लहानपणापासून थोड्या अंतरावर वेगाने पळवायचे, ही त्याची पद्धत त्या वेळी नवी होती. चाल नेमकी समजली तर शिकवणे सुधारेल, हा हिशेब. त्यासाठी त्याने एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराला बोलावले. जून १८७८ मध्ये धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे मांडले, पट्टीवर दोरे ताणले. घोडा धावत जाईल तसा एकेक दोरा तुटे आणि एकेक झडप उघडे. यंत्रणेत रेल्वेच्या एका अभियंत्याची मदत होती. पत्रकारांसमोर छायाचित्रांच्या काचा (निगेटिव्ह) धुऊन दाखवल्या. दुडक्या चालीत आणि भरधाव पळतानाही एका क्षणी चारही खूर जमिनीपासून सुटलेले असतात, हे सिद्ध झाले. भरधाव घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून उडताना चित्रकार शतकानुशतके दाखवत आले होते. प्रत्यक्षात चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना तो हवेत असतो.

पुढे स्टॅनफर्डने यावर पुस्तक काढले तेव्हा मुखपृष्ठावर मायब्रिजचे नाव नव्हते. मायब्रिजने दावा लावला आणि तो हरला. श्रेय वाटून घेणे स्टॅनफर्डला जमत नसे, याचे हे आणखी एक उदाहरण.

त्याचा जगातला सर्वांत मोठा द्राक्षमळा होता म्हणतात?

टेहामा परगण्यातल्या व्हायना इथला हा मळा. सगळी जमीन मिळून ५५ हजार एकर झाली आणि त्या काळी त्याच्या तोडीचा मळा कुठे नव्हता. पण हवा फार उष्ण, त्यामुळे जेवणासोबत प्यायची चांगली वाइन तिथे होईना. शेवटी ब्रँडीवर भर द्यावा लागला.

विद्यापीठाच्या अधिकृत नावात 'ज्युनिअर' का आहे?

नाव बापाचे नाही, मुलाचे आहे म्हणून. लग्नानंतर अठरा वर्षांनी, १४ मे १८६८ रोजी, या जोडप्याला एकुलता एक मुलगा झाला. लेलँड ज्युनिअर. मुलगा हुशार होता, जुन्या वस्तू गोळा करण्याचा त्याला नाद होता. युरोपच्या दुसऱ्या दौऱ्यात अथेन्सला तो ट्रॉयचे उत्खनन करणाऱ्या श्लीमानला भेटला. तिथून पुढे जाताना त्याला विषमज्वराने गाठले. १३ मार्च १८८४ रोजी फ्लॉरेन्समध्ये तो वारला. सोळा वर्षे पूर्ण व्हायला दोन महिने होते.

'आता कॅलिफोर्नियाची मुले हीच आपली मुले' असे बाप म्हणाल्याची आठवण विद्यापीठात सांगितली जाते. ११ नोव्हेंबर १८८५ रोजी दानपत्र झाले. पालो आल्टो, व्हायना आणि ग्रिडली इथल्या मोठ्या जमिनी त्यात होत्या आणि त्या कधीही विकायच्या नाहीत, अशी अट होती. त्या अटीमुळे पालो आल्टोची आठ हजारांवर एकर जमीन आजही विद्यापीठाकडे आहे. कोनशिला मुलाच्या वाढदिवशी, १४ मे १८८७ रोजी बसवली. वर्ग १ ऑक्टोबर १८९१ रोजी सुरू झाले. मुलामुलींना एकत्र शिक्षण, कुठल्याही धर्मपंथाचे बंधन नाही आणि सुरुवातीची बरीच वर्षे शिकवणी फी नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला हर्बर्ट हूवर पहिल्याच तुकडीत होता.

हे दान मी कमी लेखत नाही. पण त्या जमिनींना आणि इमारतींना लागलेला पैसा रेल्वेचा होता, हे विसरून त्या दानाचे कौतुक करणे मला प्रामाणिक वाटत नाही.

साध्या कपड्यांतल्या नवरा-बायकोला हार्वर्डच्या अध्यक्षाने हाकलले, म्हणून स्टॅनफर्ड निघाले. व्हॉट्सॲपवरची ही गोष्ट खरी आहे का?

नाही. कृपा करून ती पुढे पाठवू नका. स्टॅनफर्ड तेव्हा माजी गव्हर्नर आणि देशातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक होता. ताटकळत बसवलेला फाटका म्हातारा तो नव्हता. त्याचा मुलगा हार्वर्डला शिकतही नव्हता, तो शाळकरी वयातच गेला.

खरी भेट अशी. मुलाच्या मृत्यूनंतर हे दोघे हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्याकडे सल्ल्यासाठी गेले. विद्यापीठ काढायला किती खर्च येईल, असे विचारले. एलियट यांनी निदान ५० लाख डॉलरचा आकडा सांगितला. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग स्टॅनफर्ड बायकोला म्हणाला, 'तेवढे आपल्याला जमेल, नाही का, जेन?' आणि तिने होकार दिला. ही हकिगत एलियट यांनीच सांगितली आहे.

सिनेटर म्हणून त्याने काय केले?

१८८५ पासून मृत्यूपर्यंत तो सिनेटर होता. त्या काळी सिनेटर लोकांच्या मतांनी निवडला जात नसे, राज्याचे विधिमंडळ निवडे. फार प्रभावी वक्ता किंवा कायदेपटू म्हणून त्याचे नाव नाही. पण दोन गोष्टी चकित करतात. कामगारांनी स्वतःच्या मालकीच्या सहकारी संस्था काढाव्यात, यासाठी त्याने विधेयक मांडले. आणि शेतकऱ्यांना जमिनीच्या तारणावर सरकारने दोन टक्के व्याजाने कर्ज द्यावे, असेही विधेयक १८९० मध्ये आणले. दोन्ही मंजूर झाली नाहीत. विद्यापीठाच्या दानपत्रातही सहकाराचे शिक्षण द्यावे असा उल्लेख त्याने घातला. संप भुकेने मोडणाऱ्या कंपनीचा अध्यक्ष उतारवयात सहकाराकडे कसा वळला, यावर अभ्यासक आजही लिहीत आहेत. माझ्या मते विचार मनापासूनचा होता, फक्त फार उशिरा आला.

याच सिनेटपदावरून हंटिंग्टनशी वैर झाले. ती जागा हंटिंग्टनला आपल्या मित्रासाठी, एरन सार्जंटसाठी, हवी होती. १८९० मध्ये हंटिंग्टनने स्टॅनफर्डला सदर्न पॅसिफिकच्या अध्यक्षपदावरून काढले आणि वर जाहीर अपमानही केला.

त्याच्या मृत्यूनंतर विद्यापीठ बंद पडायची वेळ आली होती?

अगदी जवळ आली होती. २१ जून १८९३ रोजी पालो आल्टोच्या घरी तो झोपेत गेला. त्या वर्षी अमेरिकेत मोठी मंदी होती. मालमत्ता न्यायालयात अडकली. त्यातच रेल्वेला दिलेल्या कर्जापोटी केंद्र सरकारने त्याच्या मालमत्तेवर दीड कोटी डॉलरचा दावा लावला.

जेन स्टॅनफर्डने विद्यापीठ बंद करायला नकार दिला. न्यायाधीशाने तिला घरखर्चासाठी दरमहा १० हजार डॉलर मंजूर केले, तेव्हा प्राध्यापकांना तिच्या घरच्या नोकरांत धरून त्यातून पगार दिले गेले. तिने नोकरचाकर कमी केले, दागिने विकायला १८९७ मध्ये लंडनपर्यंत गेली, मनासारखा भाव न मिळाल्याने बरेचसे परत आणले. त्या आधी १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा दावा फेटाळला होता आणि संकट टळले होते. पुढे दागिन्यांच्या पैशातून ग्रंथालयाच्या पुस्तकांसाठी कायमचा निधी झाला.

तिच्या काही निर्णयांवर टीका होते आणि ती रास्त आहे. मुलींची संख्या फार वाढते आहे म्हणून १८९९ मध्ये तिने ती ५०० वर रोखली. पण विद्यापीठ उभे राहिले ते तिच्यामुळे. नवऱ्याच्या नावामागे ती झाकली गेली आहे.

जेनचा खून झाला होता का?

जानेवारी १९०५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या घरी तिच्या पिण्याच्या पाण्यात स्ट्रिक्निन हे विष सापडले. ती वाचली आणि हवाईला गेली. २८ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री होनोलुलूच्या मोआना हॉटेलात ती वारली. तिथल्या चौकशीत विषप्रयोगाने मृत्यू, असाच निष्कर्ष निघाला. विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी मात्र तो हृदयविकार असल्याचे जाहीर केले आणि बरीच वर्षे तेच सांगितले गेले. कुणावरही खटला चालला नाही.

यातले आज काय काय पाहता येते?

विद्यापीठाच्या आवारातल्या कँटर कला संग्रहालयात सोन्याचा खिळा आहे. तिघांची समाधी आवारातच आहे. सॅक्रामेंटोत दोन जागा चुकवू नका. एक, गव्हर्नर खिडकीतून शिरला ते घर, आता ते राज्याचे ऐतिहासिक स्मारक आहे. दुसरी, राज्य रेल्वे संग्रहालय, जिथे 'गव्हर्नर स्टॅनफर्ड' हे कंपनीचे पहिले इंजिन ठेवले आहे. व्हायनाच्या मळ्यावर आता ट्रॅपिस्ट पंथाच्या साधूंचा मठ आहे.

पण एकच जागा निवडायची असेल तर डॉनर पासला जा. जुने रूळ १९९३ मध्ये काढून टाकले, त्यामुळे चिनी मजुरांनी खोदलेल्या बोगद्यांतून आता चालत जाता येते. बाहेर त्यांनी चुन्याशिवाय रचलेली दगडी भिंत अजून तशीच उभी आहे. बॅटरी सोबत ठेवा, आत अंधार आणि ओल असते. आणि जुलै ते सप्टेंबरमध्येच जा, एरवी तिथे बर्फ असू शकते.